तीन पाण्यांनी धुतलेला पालक

विद्यापीठाबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. वडवणीच्या शाळेतून निघालेल्या मुलीला वसतिगृहात खाट मिळाली, प्रयोगशाळेत पांढरा कोट मिळाला आणि एम.एस्सी. संपताच सरांनी आपल्या प्रकल्पात सहायक म्हणून घेतलं. ते उपकार मी आजही मानते. तरीही परसबागेच्या त्या मेळाव्याबद्दल लिहायलाच हवं.

प्रकल्प परसबागेचा होता. परळीच्या अलीकडच्या एका गावात घरामागे पालेभाज्या लावायला शिकवायचं आणि बायका-मुलांच्या खाण्यात काय फरक पडतो ते पाहायचं. गावाच्या सडकेवरून औष्णिक वीज केंद्रातल्या राखेचे टिप्पर जायचे. वर ताडपत्री असली तर असली. दुपारी पालकाच्या पानावरून बोट फिरवलं की बोट करडं व्हायचं. पहिल्यांदा तिथं जेवले तेव्हा भाजीच्या घासात कचकच लागली. तो घास मी पाण्यासोबत कसाबसा उतरवला. शेवटी राखेतलं विषारी काही पाल्यावर बसतंय का, ते तपासायचं सरांनी ठरवलं.

उन्हाळ्यात हिरवा राहिलेला वाफा गावातल्या एकाच बाईंचा होता; मी त्यांना मावशी म्हणायची. भांडी विसळलेलं पाणी त्या वाफ्याला घालायच्या. नमुन्यासाठी उद्या येते म्हणून मी आदल्या दिवशी निरोप धाडला, आणि तिथंच चुकले. मी पोहोचले तेव्हा मावशींनी सगळा पालक खुडून स्वच्छ फडक्यात बांधून ठेवला होता. हिरवागार, पाणी निथळणारा.

"मावशी, धुतला का हो?"

"धुतला म्हंजी? तीन पाण्यानं धुतला! टँकर अजून आला न्हाई, तरी म्हनलं असू दे. पाव्हन्याच्या हातात राखाडलेली भाजी द्यावी व्हय?"

माझ्या आईनंही हेच केलं असतं. नमुना न धुता घ्यायचा, हे मला तोंडपाठ होतं. पण वाफ्यात देठांखेरीज काही उरलं नव्हतं, आणि मावशींचा चेहरा इतका फुललेला होता की माझ्याने काही बोलवेना. मी पाला पिशवीत भरला. 'न धुतलेला' या चौकटीत खूण केली. ती खूण माझीच.

निघताना मावशींनी दंड धरला. "लेक बाळंतपनाला येनार हाय. नर्सबाई म्हनती, अंगात रगत न्हाई, पालेभाजी खाऊ घाला. आन् ही तर आशी राख. पोटातल्या लेकराला काय व्हनार न्हाई ना, तेवढं नीट बघून सांगा."

तपासणीत पाला चांगला निघाला. सरांनी पेढे वाटले. गावात वाटायची घडीपत्रिका छापायला गेली: 'परसबागेतील पालेभाज्या निर्धोक.' मग मात्र मला राहवेना. त्यांच्या खोलीत जाऊन मी खरं सांगितलं.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. "अगं, लोक भाजी धुऊनच खातात ना? मग धुतलेलाच नमुना खरा."

"सर, मग पत्रिकेत तसं लिहू. तीन पाण्यांनी धुऊन खा."

"टँकरच्या गावात तीन पाणी? लोक हसतील. आणि धुवा म्हटलं की राख आहे, हे आपणच छापून दिल्यासारखं. अहवाल गेलाय. तू आता पीएच.डी.चं बघ."

पीएच.डी.चं नाव निघताच मी गप्प झाले. त्या गप्प होण्याची किळस मला त्यांच्या हसण्यापेक्षा जास्त आहे.

मेळावा शाळेच्या पटांगणात झाला. सरांनी बसण्याआधी खुर्ची रुमालाने पुसली, रुमालाकडे पाहिलं, तो घडी करून खिशात ठेवला आणि माइक घेऊन म्हणाले, "राखेचा बाऊ करू नका." बचत गटाच्या बायकांनी सडकेकडेच्या मळ्यातला पालक रांधला होता. पाहुण्यांपुढे ताटं आली, फोटो निघाले. फोटो झाल्यावर सरांनी भाजीची वाटी बोटाने दूर सारली आणि सोबत आणलेला डबा उघडला. बाकीच्यांनी काजू खाल्ले. भरलेल्या वाट्या तशाच मागे गेल्या.

मावशी पुढेच बसल्या होत्या. शेजारी लेक, सातवा महिना. मावशी उभ्या राहिल्या. "सायेब, मपली लेक पोटुशी हाय. तिनं खावी का ही भाजी?"

"बिनधास्त! लोह असतं त्यात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मंचाच्या कडेला उभी होते, हातात घडीपत्रिकांचा गठ्ठा. खाली उतरून मावशींपर्यंत पोहोचले तोवर पंगत बसली होती. त्यांच्याजवळ उकिडवी बसले आणि सांगितलं, "मावशी, तपासणी तुम्ही धुतलेल्या पाल्याची झाली. न धुतलेल्याचं कुणालाच माहीत नाही."

"म्हंजी म्या धुतला म्हनून सायेब खरे ठरले?"

"हो."

"आन् तुला कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"मंग कावून न्हाई सांगितलं, बाई? तू तर आपल्यातलीच दिसतीस."

मावशींनी वाढणाऱ्या बाईला हाक मारली. "ये, भाजी किती पान्यानं धुतली गं?"

"एका. घागरभर पान्यात मेळावा धुवावा काय?"

बायका हसल्या. लेकीचा हात भाकरीचा तुकडा घेऊन भाजीवर थांबला होता. मावशींनी तिच्या ताटातली सगळी भाजी चार बोटांनी ओढून आपल्या ताटात घेतली.

"तू वरन-भात खा."

"आई, आन् तू?"

"म्या काय आता पोटुशी ऱ्हाती व्हय?" असं म्हणून त्यांनी मोठा घास घेतला. मी जवळ होते. दाताखाली कचकच झालेली मला ऐकू आली.

सडकेवर जीपचा हॉर्न वाजत होता. मावशींनी भाजी संपवली, ताट पुसून घेतलं, आणि माझ्या हातातल्या गठ्ठ्यातला एक कागद ओढून त्याला हात पुसले.