आवडत्या राणीची बाजू

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं आहे आणि वेलांटी कुठे पहिली, कुठे दुसरी हे मला अजून उमजत नाही. कोणी वाचलंच, तर तेवढं सांभाळून घ्यावं.

कहाणी सांगताना मोठीमाय नडगीवर कापसाची वात वळत असे. वात अर्धी झाली की हात थांबायचा. ऐकणाऱ्यांकडून ‘हूं’ आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. ‘‘हूं म्हणा व माय, नाही तर गोष्ट इथंच बसून राहाते,’’ असं म्हणे आणि खरंच गप्प बसे.

ती कोणाची मोठीमाय हे कोणालाच माहीत नव्हतं. पांढुर्ण्याच्या आमच्या गल्लीत ती एकटी राहायची आणि सगळ्यांचीच मोठीमाय होती. श्रावणातल्या सोमवारी चार वाजले की बाया तिच्या ओसरीवर जमत. ऐंशी सालानंतरच्या दोन-चार वर्षांतली ही गोष्ट. मी तेव्हा नवी होते. शिवामूठ वाहायची म्हणून मुठीत तांदूळ धरून बसायची. हूं म्हणायचं काम बायांनी माझ्यावर टाकलं होतं, कारण त्याशिवाय माझ्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे.

तुम्हीही ती कहाणी ऐकली असेल. राजाला दोन राण्या. आवडती महालात, नावडती गोठ्यात. नावडतीला उष्टं-खरकटं मिळतं. ती मनोभावे पूजा करते, देव पावतो, राजा तिला परत आणतो आणि आवडतीची फजिती होते. फजितीची जागा आली की सगळ्या बाया माझ्याकडे पाहात. समोरची शिंपीण तर मोठ्यानं म्हणे, ‘‘नवीले काय सांगता, तिच्या घरचीच गोष्ट आहे ते.’’ बाया हसत. त्या जागी माझं हूं अडकायचं.

कारण मी दुसरी होते. पहिलीला नऊ वर्षं मूल झालं नाही, म्हणून मला आणली. लग्नाआधी मला एवढंच सांगितलं होतं, की ती आपल्या मर्जीनं तिगावला भावाकडे गेली. इथे आल्यावर मी भांडी घासायला घेतली, तर एकेका गंज-पातेल्यावर, परातीवर, पेल्यावर तिचं नाव कोरलेलं. मर्जीनं जाणारी बाई आपली भांडी नेते, एवढं चौथी शिकलेलीलाही कळतं.

तिसऱ्या श्रावणात माझी पोरगी दीड वर्षाची होती. त्या सोमवारी शिंपिणीचं बोलणं झाल्यावर मोठीमायनं वात खाली ठेवली आणि म्हणाली, आज कहाणी दुसरीकडून सांगते.

मग तिनं सांगितलं. आवडतीला कोणी विचारलं नव्हतं. बापानं पालखीत बसवलं, ती बसली. महालात आली तर ताटावर दुसरीचं नाव, पेल्यावर दुसरीचं नाव. राजानं सोन्याचा पाट दिला, पण ती त्याच्या अगदी कडेला बसायची. एकीला उठवून दिली, तशी आपल्यालाही एक दिवस उठवतील, हे तिला माहीत होतं. खिडकीतून गोठा दिसायचा. घास घेताना ती तिकडे पाठ करायची.

माझ्या घरची भांडी तिनं कधी पाहिली, कोण जाणे.

शिंपिणीला ते पटलं नाही. अशी कहाणी नसते, चुकीची सांगितली तर उपास फुकट जातो, असं ती म्हणाली. दोघीतिघींनी माना हलवल्या. मोठीमाय शांतपणे बोलली, ‘‘महादेवाले दोघीही मालूम होत्या. आपणच एकीची आयकत आलो.’’

मग तिनं पुढचं सांगितलं. एक दिवस आवडती महालातून उतरली. गोठ्याच्या दारापर्यंत आली.

एवढ्यावर ती थांबली. मला हूं म्हणवेना.

‘‘मंग?’’ शिंपिणीनंच विचारलं.

‘‘मंग काय. मले तेवढीच येते. दार वाजवलं का नाही, ते तिलेच मालूम.’’

पुढल्या आठवड्यात, हे कापसाच्या जिनात कामाला गेल्यावर, मी पोरीला कडेवर घेतलं आणि पॅसेंजरमध्ये बसले. तिगाव म्हणजे एकच स्टेशन. थोरली भावाच्या अंगणात गवारीच्या शेंगा मोडत होती. मी सांगितलं, पांढुर्ण्याहून आली. तिनं पोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘त्यायनं धाडलं का?’’

‘‘नाही. त्यायले मालूम नाही.’’

‘‘मंग काहून आली?’’

मी रस्ताभर जुळवलेलं सगळं विसरले. म्हटलं, ‘‘बाई, घरच्या सगळ्या गंजांवर तुमचं नाव आहे. मी तीन वर्षांपासून त्यातच सैपाक करून राहिली. तुम्ही या.’’

तिनं शेंगा बाजूला सारल्या. चहा केला, पोरीला गूळ दिला. निघताना ‘‘पाहीन’’ एवढंच म्हणाली.

मी मोठीमायला हे सांगायला गेले, तर ओसरीवर कुलूप. ती न्हाणीत घसरून पडली होती आणि तिची लेक तिला सौंसरला घेऊन गेली होती. थोरली आल्यावर तिला सोबत घेऊनच जाऊ, असं मी ठरवलं.

थोरली दिवाळीच्या आधी आली, एक पिशवी घेऊन. हे ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी तिला पाहिलं आणि तेच पान संध्याकाळपर्यंत वाचलं. ती सरळ चुलीपाशी गेली आणि मला म्हणाली, डाळ उतू चालली.

आज जाऊ, उद्या जाऊ करता करता सौंसरहून निरोप आला. मोठीमाय गेली होती.

तेरवीला आम्ही दोघी बसनं गेलो. मला एकच रुखरुख लागली होती. तिनं गोष्ट दारापाशी ठेवली होती, पुढची तिला ऐकवायची राहिली. पंगतीत आम्ही शेजारी बसलो. मोठीमायची लेक वाढत वाढत आली आणि थांबली.

‘‘पांढुर्ण्याच्या ना तुम्ही? एकमेकीच्या कोण लागता?’’

मी मांडीवरच्या पोरीला घास भरवायला घेतला. एवढ्या बायांत काय सांगावं?

‘‘एकाच घरच्या आहो,’’ थोरली म्हणाली. मग मला धड जेवता यावं म्हणून तिनं पोरीला माझ्या मांडीवरून आपल्या मांडीवर घेतलं.