वागिनेमचं बिघडलेलं तेंपे

पोतं उचललं आणि वागिनेमच्या तोंडचं पाणी पळालं. केळीच्या पानांतून घाम सुटला होता आणि नाकात घुसणारा उग्र वास येत होता. सोयाबीनवर पांढरी बुरशी धरून घट्ट, गोडसर तेंपे व्हायला हवं होतं. त्याऐवजी पिवळं, मधेच काळपट, मऊ पडलेलं काहीतरी हाताला लागलं.

ही तिची एकटीची पहिली मोठी ऑर्डर. नवरा सुकार्जी पावसाळ्यात गेला. तेव्हापासून लेक रेत्नो मागे लागली होती, "आई, आता पुरे. माझ्याकडे सुराबायाला चल." शेवटी वागिनेम म्हणाली होती, "गावातल्या एंदांगचे वडील जाऊन हजार दिवस होतात, त्यांचं जेवण आहे. त्याचं तेंपे मला एकटीला जमलं तर राहते. नाही जमलं तर मुकाट्याने येते." रेत्नो त्यासाठीच आली होती आणि आता दारात उभी राहून नाकाला पदर लावत होती.

केलुद डोंगराखालच्या गावात कोरड्या दिवसांत पहाटे हुडहुडी भरते. तेंपे गारठू नये म्हणून वागिनेमने टोपल्या एकमेकींना चिकटवून ठेवल्या, वर पोती घातली आणि काल दिवसभर बाजारात जाऊन बसली. विरजण एकदा धरलं की तेंपे आतूनच तापतं, मग त्याला मोकळं करावं लागतं. ते काम नेहमी सुकार्जी करायचा.

"बघ, म्हटलं होतं ना," रेत्नो म्हणाली.

"म्हटलं होतंस बाई. आता जरा बाजूला हो, उजेड येऊ दे."

वागिनेम खाली बसली आणि निवडू लागली. काळं पडलेलं खड्ड्यात, नुसतं पिवळं झालेलं टोपलीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात चालू होते. टोपली भरल्यावर तिने तोंड धुतलं, केस बांधले आणि सरळ जुमालीच्या दारात गेली.

जुमाली प्लास्टिकच्या पिशव्यांत तेंपे लावायचा. सुकार्जी त्याला जन्मभर 'पिशवीवाला' म्हणून हिणवत आला. दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

"काय वागिनेमबाई! पानातलं तेंपे रुसलं वाटतं?"

"रुसलं नाही, मी मारलं. पोत्यांखाली कोंडून बाजारात गेले."

जुमाली पोट धरून हसला. "सुकार्जी असता तर या दारात पाय ठेवला नसता."

"ते असते तर तेंपे तरी बिघडलं असतं का? तुमचं तेंपे द्याल की नाही ते सांगा. दुपारी तिथे पानं वाढायची आहेत."

हसता हसता जुमाली उठला. आत जाऊन पिशव्या भरून घेऊन आला. ती निघाली तेव्हा मागून म्हणाला, "हात आत घालून बघत जा. ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं लागलं की पांघरूण काढायचं. घड्याळ बघू नको."

"हे त्यांनी कधी सांगितलं नाही हो मला."

"तो कुणाला सांगणार? मलाही त्याच्या आईनेच शिकवलं."

वागिनेम एंदांगच्या घरी पोचली. पिशव्या पाहून एंदांगचा चेहरा उतरला. "मावशी, पानातलं ठरलं होतं. बाबांना तेच आवडायचं."

"माझं बिघडलं गं. हे जुमालीचं आहे, माझं म्हणून खपवणार नाही. कापायला, तळायला मी बसते. रागवायचं असेल तर रागव, पण आधी चूल पेटव."

एंदांगने कपाळाला आठ्या घातल्या. चूल मात्र पेटवली.

सोबत आणलेल्या टोपलीतलं पिवळं तेंपे वागिनेमने दुसऱ्या चुलीवर चढवलं. उग्र झालेलं तेंपे ठेचून, मिरच्या आणि नारळाचं दूध घालून शिजवलं की त्याचं तुंपांग होतं, आणि त्या गावात सकाळच्या भातावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पाहुण्यांच्या ताटात ते चाललं नसतं. पण मदतीला आलेल्या बायका पहाटेपासून उपाशीच राबत होत्या. वास दरवळला तशा त्या एकेक करत येऊन बसल्या.

"अगं, तुझं चांगलं तेंपे कधी इतकं चांगलं लागलं नव्हतं!" एक म्हातारी बोटं चाटत म्हणाली.

"मग काय, रोज बिघडवू?"

सगळ्या खिदळल्या. एंदांगनेही दुसऱ्यांदा भात घेतला आणि म्हणाली, "आजच्या पाहुण्यांत माझी नणंद आहे ना, तिच्याकडे पुढच्या महिन्यात लग्न आहे. पानातलंच हवंय तिला. सांगू?"

"सांग. पण आजचंही सांग."

जेवणं उरकून घरी आल्यावर रेत्नोने विचारलं, "मग आई, सामान बांधू ना? तुझ्या तोंडूनच ठरलं होतं."

"बांध की. तुझं."

"आणि शब्द दिला होतास तो?"

"मोडला," वागिनेम म्हणाली. ओलं सोयाबीन टोपलीत उपसून ती त्यात अनवाणी उतरली आणि सालं सुटावीत म्हणून तुडवू लागली. "तू बस चुकवू नको. आणि जाताना त्या पोत्यांना ऊन दाखवून जा."