आक्काची कुंची

मी पदवीधर झालो तो थोरल्या बहिणीमुळे. पुणतांब्यात शिलाई मशीन चालवून आक्काने मला कॉलेजात शिकवलं.

माझ्या मुलीच्या बारशाला तिने आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून कुंची शिवून आणली. बाळाला कुंची घालून कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण नगरच्या आमच्या घरी सासूबाई पाहुण्यांसमोर तिला म्हणाल्या, "अहो ताई, या चिंध्या कशाला? फोटो काढायचेत. दुकानातली टोपी आणलीय की."

"व्हय, चिंध्याच हायेत," आक्का म्हणाली. "पर तुमच्या टोपीसारख्या टोचत न्हाईत."

मी आचाऱ्याकडून परत येईपर्यंत ती कुंची घेऊन एसटीने निघून गेली होती. बायकोने सगळं सांगितलं. मी मुलीला पाळण्यातून उचललं आणि बारसं थांबवलं. पाहुणे जेवून गेले, मुलगी बिननावाचीच राहिली. आक्का फोन उचलेना, म्हणून पत्र टाकलं:

"आक्का, दुसऱ्या कुणालाही मी नाव ठेवू देणार नाही. सासूबाई रोज विचारतात, मी रोज नाही म्हणतो. तू कुंची घेऊन ये. येणार नसशील तर आम्ही तिघंच पुणतांब्याला येतो. तुझ्या मशीनशेजारी पाळणा बांधू."