तिसऱ्या मजल्याचं दार

"देवधर, काम थांबव," फोनवर मिस्टर ओंग म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. भिंतीला हातसुद्धा लावू नकोस."

मी इमारतीच्या खाली उभा होतो. समोर ताडपत्रीखाली लिफ्टची नवी कोरी दारं, त्यांची चौकट आणि काँक्रीट कापायचं मशीन होतं. कामगार कोपऱ्यावरच्या दुकानात चहाला गेले होते. वर तिसऱ्या मजल्यावर भिंतीवर मी आदल्या दिवशीच खडूनं चौकोन आखून ठेवला होता. संध्याकाळपर्यंत तिथे भोक पडायचं होतं.

"का? काय झालं?"

"निवडणूक जाहीर झाली."

"मग?"

"मग काय मग? ऑफिसला ये."

मिस्टर ओंग माझे बॉस. आमची कंपनी टाउन कौन्सिलसाठी काम करायची. टाउन कौन्सिल म्हणजे सरकारनं बांधलेल्या राहत्या इमारतींची देखभाल करणारी संस्था. झाडलोट, दिवे, गळती, लिफ्ट, सगळं तिच्याकडे. आणि तिचा प्रमुख तिथून निवडून आलेला एमपी. म्हणजे लिफ्ट बंद पडली की शिव्या एमपीला आणि फोन मला. मी मूळचा चिंचवडचा, उमेदीची पहिली वर्षं लिफ्टच्या कारखान्यात घालवलेली. सिंगापूरला आलो तो नोकरीसाठी, पुढे पीआर म्हणजे कायमचा रहिवासी झालो, मग नागरिक. आता निवृत्त आहे. वॉर्डाचं नाव मी सांगणार नाही. ते सांगून कुणाचं भलं होणार नाही.

सिंगापूरच्या जुन्या इमारतींची एक गंमत होती. खर्च वाचवायला तिथे लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. पहिला, पाचवा, नववा, संपलं. मधल्यांनी जिना वापरायचा. इथे तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे सगळ्यात फुटकं नशीब तिसऱ्या आणि सातव्या मजल्याचं. खालून दोन मजले चढा, नाहीतर वरून दोन मजले उतरा. पुढे बहुतेक इमारतींना सरकारनं नव्या लिफ्ट दिल्या. आमची ही इमारत मात्र आडव्यातिडव्या बांधणीची आणि मोजक्या घरांची होती. नव्या लिफ्टचा खर्च परवडत नाही असा शेरा पडला आणि ती मागे राहिली.

तिसऱ्या मजल्यावर एक जोडपं राहायचं. सगळे त्यांना अंकल-आंटी म्हणायचे, मीही तेच म्हणायचो. अंकल आयुष्यभर लॉरी चालवलेला माणूस. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. तेव्हापासून व्हीलचेअर. खाली झाडाखाली म्हातारे लोक रोज सकाळी आपापले पक्ष्यांचे पिंजरे उंच दांड्यांवर टांगतात. पक्षी गातात, म्हातारे कॉफी पीत ऐकतात. अंकलचाही पक्षी होता. शेजारचा एक मित्र रोज त्यांचा पिंजरा खाली न्यायचा आणि परत आणून द्यायचा. अंकल वरच राहायचे. कॉरिडॉरचा कठडा असा उंच, की व्हीलचेअरवरून पलीकडचं काही दिसत नाही. नुसतं ऐकू येतं. खालच्या गर्दीतून आपला पक्षी कुठला ते ओळखायचा प्रयत्न करत ते बसलेले असायचे.

लिफ्ट तपासायला गेलो असताना मी त्यांना असं पाहिलं, आणि डोक्यातून ते काही जाईना. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते तिला शाफ्ट म्हणतात. तो शाफ्ट अंकलच्या दारापासून चार पावलांवरच होता. दिवसभर लिफ्ट त्यांच्या कानाजवळून सूं करत जायची. मध्ये फक्त एक भिंत. ती भिंत इमारतीचा भार घेत नाही हे मी तपासून घेतलं. म्हणजे नवी लिफ्ट बसवायची गरजच नव्हती. भिंत कापायची, दार बसवायचं आणि लिफ्टच्या कंट्रोलरला सांगायचं, बाबा रे, इथेही थांब.

एमपी भला माणूस होता. आंटी त्याला साप्ताहिक भेटीच्या संध्याकाळी गाठायच्या. इथे प्रत्येक एमपी आठवड्यातून एकदा गाऱ्हाणी ऐकायला बसतो. या खेपेस मीही माझं ड्रॉइंग घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. त्यानं नीट ऐकलं, दोन-चार बरोबर प्रश्न विचारले आणि म्हणाला, "प्रयोग म्हणून करून बघू. गाजावाजा नको." गाजावाजा झाला नाही. दारं आली, चौकट आली. त्या दिवशी फक्त चहा संपायचा राहिला होता.

ऑफिसात मिस्टर ओंगनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मिस च्यू म्हणजे एमपीच्या विरोधात उभी राहणारी उमेदवार. पूर्वी शाळेत गणित शिकवायची. बाई वर्षभर शनिवार-रविवार घरोघरी जिने चढली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. व्हिडिओत अंकलना दवाखान्यात न्यायचं चाललं होतं. दोन शेजारी त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यावरून उतरवत होते. मागे आंटी. एका वळणावर खुर्ची कलते आणि अंकल डाव्या हातानं कठडा पकडतात. खाली मिस च्यूचं एक वाक्य होतं: हेच यांचं काम, हाच यांचा हिशेब.

"काल संध्याकाळी टाकलाय," ओंग म्हणाले. "सगळ्या वस्तीनं पाहिलाय."

"मग तर उत्तम झालं. आपण आजच भिंत कापतोय."

"तू इंजिनीअर आहेस ना? इंजिनीअरच राहा. आज भिंत कापली तर ती म्हणणार, मी बोलले म्हणून कापली. दुसरे म्हणणार, मतं विकत घेतायत."

"पण काम आधीच मंजूर होतं. सांगून टाका ना तसं."

"आता सांगितलं तर प्रचार होतो. टाउन कौन्सिलला प्रचार करता येत नाही."

"मग मी मिस च्यूंना खासगीत सांगतो. त्या हा विषय सोडून देतील."

ओंग माझ्याकडे बघतच राहिले. "एका उमेदवाराला ऑफिसातली बातमी? देवधर, यू क्रेझी, इज इट? आपण न्यूट्रल. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मतदान होऊ दे, मग बघू."

संध्याकाळी लॉरी आली आणि सगळं सामान गोडाऊनला परत गेलं. लॉरीत माल चढवताना होणारा आवाज अंकलनी जन्मभर ऐकलेला. कठड्याआडून त्यांना काही दिसत नव्हतं, पण कळायचं ते कळलं. मी वर गेलो तेव्हा त्यांनी डाव्या हातानं खडूच्या चौकोनाकडे बोट केलं.

"व्हेन कॅन?"

"सून, अंकल. निवडणुकीनंतर."

त्यांनी मान डोलावली.

प्रचार सुरू असताना एका संध्याकाळी आम्ही मिस च्यूच्या सभेला गेलो. नागरिक झाल्यापासून माझ्या बायकोला, नीलाला, सभांना जायची हौसच लागली होती. शाळेचं मैदान, पायाखाली चिखल आणि तोबा गर्दी. मिस च्यूनं गळक्या छपरांचं सांगितलं, बाजारातल्या उंदरांचं सांगितलं, आणि मग अंकलवर आली. "लिफ्ट त्यांच्या भिंतीमागून रोज जाते!" ती म्हणाली. "आपल्या एमपींना इतक्या वर्षांत एक दार काढता आलं नाही!" लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं.

"खोटं बोलतेय का ती?" नीलानं विचारलं.

"एक शब्दही खोटा नाही."

"मग तुझं तोंड असं का?"

मी म्हटलं, "ती जितक्या जोरात दार मागतेय तितकं ते बंद होतंय." नीलाला घरी जाऊन सगळं समजावून सांगावं लागलं. ऐकून ती म्हणाली, "मेलं तुमचं ते न्यूट्रल!" आणि भांडी आपटत राहिली.

एमपी निवडून आला. फरक कमी होता, पण निवडून आला. उघड्या लॉरीतून हात हलवत तो सगळ्या वस्तीचे आभार मानून गेला. सोमवारी मी ओंगना म्हटलं, सामान परत मागवतो. ते म्हणाले, आधी मीटिंग आहे.

मीटिंगमध्ये एमपीनं माझी बाजू पूर्ण ऐकून घेतली. चेहरा थकलेला होता.

"देवधर, मला कळत नाही असं समजू नका. मी स्वतः मंजूर केलंय ते काम. पण आज दार काढलं तर लोक काय शिकतील? दुसऱ्या पार्टीकडे जाऊन ओरडा, की लिफ्ट मिळते. अशा अजून काही इमारती आहेत. उद्या त्या विचारतील, आम्ही ओरडलो नाही म्हणून आम्हाला नाही का? सगळ्यांचा एकत्र रिव्ह्यू करू. न्यायानं करू."

"सर, त्या माणसाला खाली जाऊन कॉफी प्यायचीय."

"आय नो," तो म्हणाला, आणि खरंच त्याला वाईट वाटत होतं. वाईट वाटलेल्या माणसाशी भांडता येत नाही, तिथे माझी पंचाईत झाली.

रिव्ह्यू सुरू झाला. माझ्या नोकरीत मी गंजलेले दोर पाहिले, पाणी भरलेले शाफ्ट पाहिले, पण रिव्ह्यूइतकी हळू चालणारी गोष्ट पाहिली नाही. सल्लागार आले. त्यांनी मोजमापं घेतली, जी मी आधीच घेतली होती. दरम्यान मी अधूनमधून तिसऱ्या मजल्यावर जायचो. आंटींना स्वच्छतेचं वेड, कॉरिडॉरची भिंतही ओल्या फडक्यानं पुसायच्या. खडूच्या रेघा मात्र सोडून पुसायच्या. चौकोन जसाच्या तसा होता आणि आजूबाजूची भिंत लख्ख. अंकलनी मला "व्हेन कॅन" विचारायचं बंद केलं होतं. ते विचारत होते तेच बरं होतं.

मग दवाखान्याच्या एका फेरीला अंकलची खुर्ची जिन्यावर पुन्हा कलली. सावरताना आंटींची पाठ गेली. त्यांना स्वतःला धड उभं राहता येईना, तर त्या नवऱ्याला काय उचलणार? अंकलना नर्सिंग होममध्ये, म्हणजे आजारी वृद्धांना कायमचं सांभाळणाऱ्या संस्थेत, ठेवावं लागलं. शेवटचं त्यांना खाली नेलं ते स्ट्रेचरवरून आणि जिन्यानंच. पिंजरा मित्राकडे गेला.

मिस च्यू हरल्यावरही वस्तीत यायची. एका सकाळी ती मला खालच्या कॉफी शॉपमध्ये भेटली. अंकलचं तिला कळलं होतं. संतापली होती.

"एक दार! आणि तुम्ही लोकांनी काहीच केलं नाही?"

या वेळी मी ओंगना विचारलं नाही. सगळं सांगितलं. दारं कुठे ठेवली होती, खडूचा चौकोन कधीचा आहे, फोन कधी आला. ती ऐकत गेली. कॉफी तशीच राहिली.

मग ती म्हणाली, "म्हणजे मी बोलायला नको होतं?"

"तुम्ही नाही तर कोण बोलणार होतं?"

"मग काय करायला हवं होतं मी? आधी तुम्हाला विचारायचं?"

"विचारलं असतंत तरी मी सांगितलं नसतं. आम्ही न्यूट्रल."

ती हसली नाही, मीही नाही. उठताना तिनं वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. एमपीचं म्हणणंही मी कितीदा उलटसुलट करून पाहिलं. प्रत्येकाचं बरोबर होतं. इतकं बरोबर मला सहन होत नाही.

अंकल नर्सिंग होममध्येच गेले. मी अंत्यविधीला गेलो होतो. इमारतीखालीच मांडव होता. खुर्च्या टाकल्या होत्या आणि झाडाखालचे सगळे म्हातारे आले होते. इतक्या वर्षांनी अंकल त्यांच्यात खाली आले ते असे.

रिव्ह्यू पूर्ण झाला तेव्हा पुढची निवडणूक डोळ्यांपुढे दिसायला लागली होती. निकाल काय, तर नवी लिफ्ट परवडत नाही, मात्र भिंत कापून दार काढता येईल. माझंच ड्रॉइंग, वर सल्लागारांचं नाव. दार बसलं. उद्घाटन ठरलं. एमपीनं पत्रक काढलं, "आम्ही करून दाखवलं." मिस च्यूच्या पार्टीनंही पत्रक काढलं, "आम्ही करायला लावलं." दोन्ही माझ्या पत्रपेटीत एकाच दिवशी आली.

उद्घाटनाला फोटोग्राफर म्हणाला, तिसऱ्या मजल्यावर दार उघडतंय आणि आतून व्हीलचेअर बाहेर येतेय असा फोटो हवा. आता तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअरवालं कुणीच उरलं नव्हतं. कुणीतरी दवाखान्यातून रिकामी खुर्ची आणली. एका कार्यकर्त्यानं आंटींना हात जोडून विनंती केली, "आंटी, तुम्ही जरा बसता का? फक्त फोटोपुरतं."

आंटींनी खुर्चीकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं.

"नो नीड लाह," त्या म्हणाल्या. "आय कॅन वॉक."

आणि दुखऱ्या पाठीनं, कठडा धरून, त्या जिन्यानं खाली गेल्या. शेवटी नवव्या मजल्यावरच्या एका धडधाकट गृहस्थाला खुर्चीत बसवून फोटो काढला. छान आला.

निवृत्त होण्याआधी नवे इंजिनीअर माझ्याकडे शिकायला यायचे. त्यांना मी दोर, ब्रेक, कंट्रोलर सगळं शिकवलं, आणि एक गोष्ट वर सांगितली. मंजुरी मिळाली की चहाला थांबू नका, आधी भिंत फोडा. फक्त आखलेली रेघ कुणीही थांबवू शकतं. पडलेलं भोक कुणालाच तसं सोडता येत नाही, तिथे दार बसवावंच लागतं.