गजघाटे सरांच्या विरुद्ध बाजूने

प्रा. तुळशीराम गजघाटे सरांची आणि माझी पहिली ओळख झाली, ती त्यांना माझे बोलणे ऐकू न आल्यामुळे. तेव्हा सरांचे कान उत्तम होते. दोष माझ्या आवाजाचा होता. कुही गावाहून एसटीने येऊन मी नागपुरातल्या सदर भागातल्या आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. तोंडातून ‘मले’, ‘तुले’ निघाले की पुढच्या बाकांवर खसखस पिकते, हे एव्हाना कळले होते, त्यामुळे मी शक्यतो बोलतच नसे. नीतिशास्त्राचा तास होता. सरांनी विचारले, “खोटं बोलणं कधी योग्य असू शकतं का?” माझ्या तोंडून काहीतरी पुटपुटल्यासारखे निघून गेले.

“काय म्हणालीस?” सरांनी विचारले. मी पुन्हा पुटपुटले. पुढचे बाक माना वळवून हसू लागले. आता सर ‘मोठ्याने बोल’ म्हणणार आणि मी उद्यापासून कॉलेजला येणार नाही, असे मी मनाशी ठरवूनही टाकले. सरांनी तसे काही म्हटले नाही. त्यांनी चौथऱ्यावरची आपली लाकडी खुर्ची उचलली, दोन्ही हातांनी ती डोक्याच्या वर धरून बाकांच्या मधून वाट काढत मागे आले, माझ्या बाकाशेजारी ती ठेवली आणि बसले. म्हणाले, “आता सांग.”

मी सांगितले, “सर, माह्या काकाले कॅन्सर हाय. आमी त्याले सांगतलं नाही. हे खोटं बोलनं झालं का?”

हसणाऱ्या माना पुन्हा फळ्याकडे वळल्या. सर म्हणाले, “तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, ते आपण वेगळे करून पाहू. काकांना सोसणार नाही म्हणून तुम्ही सांगत नाही, की सांगितल्यावर त्यांच्यासमोर बसणं तुम्हाला सोसणार नाही म्हणून?” मी हा प्रश्न घेऊन घरी गेले. घरात दोन दिवस धुसफूस झाली आणि शेवटी वडिलांनी काकांना सांगितले. काका म्हणाले, “बरं केलं सांगतलं. आता पोरीच्या सोयरिकीचं माह्या हातानं करून घेतो.” आणि त्यांनी ते केलेही. युक्तिवाद कसा बांधावा हे पुढे मी अनेक पुस्तकांतून वाचले, परंतु एका प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न हलक्या हाताने बाहेर कसा काढावा, हे मी त्या दिवशी सरांच्या खुर्चीजवळ शिकले.

सरांच्या नागपुरातल्या इंदोरा वस्तीतील घराच्या व्हरांड्यात दर रविवारी सकाळी भरणारी बैठक या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तिचे दोन नियम सांगते. पहिला असा, की समोरच्याची बाजू आधी आपण मांडायची, आणि ‘हो, मला हेच म्हणायचं होतं’ असे तो म्हणेपर्यंत आपली बाजू मांडायला तोंड उघडायचे नाही. दुसरा नियम अधिक चविष्ट आहे. चर्चा संपली की सरांच्या पत्नी सुलोचनाकाकू तर्री-पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येतात आणि विचारतात, “पयली पिलेट कोनाची?” त्या दिवशी ज्याचे मत बदलले असेल त्याने हात वर करायचा. पहिली प्लेट त्याची, आणि तर्री हवी तेवढी. जिंकलेल्यांनी आपापली प्लेट स्वयंपाकघरात जाऊन वाढून घ्यायची, तीही उरली तर.

नवख्या माणसाला ही गंमत वाटते. मलाही वाटली होती. एकदा मी सरांना विचारले, की हरणाऱ्याचे हे एवढे लाड काहून? सर म्हणाले, “नागपुरात धर्मांतर झालं तेव्हा मी वडिलांच्या खांद्यावर होतो. गर्दीशिवाय मला काही आठवत नाही. पण एका माणसानं मत बदललं आणि आमच्या अख्ख्या घराचं आयुष्य सरळ उभं राहिलं, हे मी नंतर रोज पाहिलं. मत बदलायला छाती लागते, वंदना. छातीवाल्याले उपाशी ठेवायचं का?” सर भावुक झाले की त्यांची प्रमाण मराठी अशी मध्येच सुटते आणि आम्हाला ते फार आवडते.

मला स्वतःला या नियमांचा प्रसाद मिळाला तो एम.ए.च्या वेळी. मला तत्त्वज्ञानात एम.ए. करायचे होते. वडिलांचे म्हणणे होते, डी.एड. कर. ते विचारत, “कुहीत कोनाले पाहिजे वं तत्त्वज्ञान?” मी रडतओरडत बैठकीला आले आणि वडिलांची तक्रार सांगू लागले. सरांनी थांबवले. “आज तू तुझे वडील. मांड त्यांची बाजू.” आधी मी वाकडेपणाने मांडली. सर म्हणाले, “हे तुझे वडील नाहीत, हे नाटकातले वडील आहेत. खरे आण.” मग मी खरोखर विचार करू लागले. सकाळच्या एसटीत मला उभे राहून जावे लागते म्हणून स्टँडवर येऊन गाडी सुटेपर्यंत खिडकीकडे पाहत राहणारे वडील. मुलगी शिकत शिकत कुठेतरी आपल्या हाताबाहेर जाईल आणि तिथे तिला कोणी नसेल, ही धास्ती. मी बोलत गेले, आणि बोलणे संपले तेव्हा व्हरांड्यातल्या एकूण एक माणसाने वडिलांच्या बाजूने कौल दिला. सरांनीसुद्धा! माझी अशी फजिती उभ्या आयुष्यात झाली नाही.

घरी जाऊन मी वडिलांना त्यांचीच बाजू ऐकवली. ते विळा हातात धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “हेच तर म्हनून राहिलो होतो मी. मले बोलता नाही आलं.” मग म्हणाले, “माहं एवढं समजते तुले, तर जाय, शिक. तू कुठं हरपत नाहीस.” मी माझ्या बाजूचा एक शब्दही बोलले नव्हते. आज मी ज्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकवते तिथे मुलांना ही गोष्ट दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी सांगताना मला वडिलांच्या हातातला तो विळा दिसतो.

आता या ग्रंथाविषयी. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे आम्ही ठरवले तेव्हा सरांनी साफ नकार दिला. “ज्या पुस्तकात सगळे एकाच बाजूनं बोलतात ते पुस्तक खोटं,” असे त्यांचे म्हणणे. खूप मनधरणी झाल्यावर एका अटीवर ते तयार झाले, ती म्हणजे एक लेख त्यांच्या विरुद्ध असावा आणि तो छापण्यापूर्वी त्यांना वाचायला मिळावा. ग्रंथाच्या समितीने सर्वानुमते माझे नाव सुचवले. माझा स्वभाव भांडखोर आहे असे समितीत कोणीतरी म्हणाल्याचे कानावर आहे. त्यांच्याशी मी सवडीने भांडणार आहे.

तर विरुद्ध बाजू. किरकोळ आरोप पुष्कळ आहेत. सर माझ्या लग्नाला आले तेव्हा पंगती उठत आल्या होत्या, कारण ऑटोवाल्याने ‘लाल दिव्याले रस्ता रिकामा असला तं थांबाचं काहून?’ असे विचारले आणि सरांनी ऑटो बाजूला घ्यायला लावून त्याची बाजू आधी नीट समजून घेतली. मग आपली मांडली. चर्चा अपुरी राहिली म्हणून त्या ऑटोवाल्यालाही ते मांडवात घेऊन आले. फोटोत तो माझ्या सासूबाईंच्या शेजारी अगदी घरच्यासारखा उभा आहे, आणि सासरची मंडळी अजून मला विचारतात की हे तुमच्याकडचे कोण. सरांना भाजी घ्यायला पाठवले तर ते वांग्याऐवजी भाजीवालीचे म्हणणे घेऊन परत येतात, ही काकूंची तक्रारही मी येथे नोंदवते.

परंतु माझा खरा आरोप गंभीर आहे. या ग्रंथाचे प्रकाशन झाले की रविवारची बैठक बंद करायची, असे सरांनी आम्हाला सांगितले आहे. कारण त्यांचे कान.

गेली काही वर्षे सरांना कमी ऐकू येते. मुलाने पुण्याहून कानाचे मशीन आणून दिले आहे. जवळ बसलेल्या माणसाचे बोलणे त्यातून बरे ऐकू येते, मात्र व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाच्या आधी कुकरची शिट्टी, पंखा आणि शेजारचा टीव्ही येऊन बसतात. म्हणून आम्ही ओरडून बोलू लागलो. मागच्या महिन्यात महाल भागातले भांड्यांचे दुकानदार भोयरभाऊ काही विचारत होते. भाऊंचा देह पहिलवानाचा आणि आवाज अगदी बारीक. सर म्हणाले, “काय?” त्यांनी पुन्हा विचारले. सर पुन्हा म्हणाले, “काय?” शेजारचे कोणीतरी म्हणाले, “जोरात बोला ना भाऊ!” भोयरभाऊंचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, “काही नाही, काही नाही. पोहे मस्त झाले.” पोहे तर अजून यायचे होते.

त्याच दिवशी सरांनी निर्णय सांगितला. नियमाप्रमाणे त्यांची बाजू आधी मांडते. ती सरांच्याच तोंडून अशी: माणूस ज्या गोष्टीबद्दल ठाम असतो ती तो ओरडून सांगू शकतो. ज्याबद्दल त्याला शंका आहे, भीती आहे, लाज आहे, ती गोष्ट तो हळूच बोलतो. नैतिक प्रश्न तर सगळे हळूच बोलायचे असतात. ‘मी माझ्या भावाला फसवतो आहे का?’ हे कोणी गल्लीला ऐकू जाईल असे विचारत नाही. मला आता फक्त ठाम माणसे ऐकू येतात. शंका माझ्यापर्यंत पोहोचत नाही. आणि ज्याला शंका ऐकू येत नाही त्याने वाद घालणे अन्यायाचे आहे, कारण तो समोरच्याची बाजू न ऐकताच उत्तर देणार. सर, तुम्हाला हेच म्हणायचे होते ना?

आता माझी बाजू. सर, तुमच्या युक्तिवादातले एकही विधान मला खोडता येत नाही. शंका हळू बोलते, हे मी शेवटच्या बाकावर बसून स्वतः अनुभवले आहे. पण तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे, आणि ती चुकीची आहे. आवाज लहान असेल तर तो मोठा करावा लागतो, नाहीतर ऐकणे थांबवावे लागते, असे दोनच मार्ग तुम्ही मानले. तिसरा मार्ग मला तुम्हीच दाखवला होता. माझा आवाज पोहोचत नव्हता तेव्हा तुम्ही मला ‘मोठ्याने बोल’ म्हणाला नाहीत आणि ‘राहू दे’ असेही म्हणाला नाहीत. तुम्ही खुर्ची उचललीत. त्या वेळी तुम्ही तसे केले नसते तर मी कायमची कुहीची एसटी धरली असती आणि हा लेख लिहायला कोणी नसते. तेव्हा तुमच्या निर्णयाच्या विरुद्ध माझा पुरावा मी स्वतः आहे. बैठक चालू राहिली पाहिजे, कारण ती थांबली तर भोयरभाऊंचा प्रश्न त्यांच्या घशातच राहील, आणि तसे कितीतरी जण आहेत.

येथे माझा लेख संपला होता. ठरल्याप्रमाणे तो सरांकडे पाठवला. पुढे जे झाले ते समितीच्या परवानगीने जोडते आहे.

पुढच्या रविवारी बैठक भरली. सर लेखाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटले, चिडले. थोड्या वेळाने भोयरभाऊ उठले, आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि सरांकडे निघाले. त्यांना लेखाबद्दल काही माहीत नव्हते, याची मी नंतर खात्री करून घेतली. नेमके त्याच वेळी सरही आपली खुर्ची डोक्याच्या वर धरून भाऊंकडे निघाले होते. व्हरांड्याच्या मधोमध दोन्ही खुर्च्या एकमेकींवर आदळल्या. दोघेही आधी दचकले आणि मग लहान मुलांसारखे हसत सुटले. सरांनी पंखा बंद करवला, काकूंना कुकर उतरवायला सांगितले आणि आम्हाला म्हणाले, “तुम्ही सगळे पेरूच्या झाडाखाली जा. हे बोलणं आमचं दोघांचं आहे.”

आम्ही अंगणात उभे राहिलो. दोन डोकी जवळ आली होती. भोयरभाऊ बोलत होते आणि सर मान हलवत होते, मध्येच काहीतरी विचारत होते. भाऊंचा प्रश्न काय होता ते मला ठाऊक नाही आणि ठाऊक असता तरी येथे लिहिला नसता. एवढे सांगते, की उठताना त्यांनी डोळे पुसले आणि सरांचा हात बराच वेळ सोडला नाही. मला अंगणात उभ्याउभ्या इतका आनंद झाला, की मी शेजारच्या बाईंचा हात घट्ट धरला होता हे मला त्यांनी सांगितल्यावर कळले.

तेवढ्यात काकू ट्रे घेऊन आल्या. “पयली पिलेट कोनाची?”

सरांनी हात वर केला. इतक्या वर्षांत त्यांचा हात मी प्रथमच वर पाहत होते. काकूंनी पदर तोंडाला लावला आणि मुद्दाम विचारले, “काय? आयकू नाही आलं.”

“मत बदललं वं माहं!” सर असे ओरडले, की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. काकूंनी त्यांच्या प्लेटमध्ये तर्री ओतली, आणि ओतता ओतता थांबायचे विसरल्या.

आदरणीय सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, काकूंची साथ त्यांना अखंड मिळो, आणि इंदोऱ्यातल्या त्या व्हरांड्यात दर रविवारी खुर्च्या ओढल्याचा आवाज येत राहो. सर, आमच्या शंका हळूच बोलतील. आम्ही जवळ येऊन बसू.