पोरीला नको, मला सांगा

“आस्क युअर मदर टू गेट अप.”

पालकसभेत वर्गाच्या मॅडम हे माझ्या पोरीला म्हणाल्या. मी त्यांच्या समोरच होते, टेबलाच्या अलीकडे. खुर्चीत नुकती टेकले होते. सृष्टी, माझी चौथीतली पोर, आमच्या दोघींच्या मध्ये उभी. तिनं माझ्याकडं न बघता कानडीत सांगितलं, “अव्वा, एळ.” म्हणजे आई, ऊठ.

मी उठले. मॅडमनी शिपायाला नुसती मान हलवून खूण केली. त्यानं खुर्चीवरून फडकं मारलं. मी काजबटणाच्या कारखान्यात काम करते. साडीला दोरे चिकटलेले असतात, तेच खुर्चीला लागले असतील, असं मी मनाला समजावलं. मग मॅडमनी मला खिडकीपाशी उभं राहायला सांगितलं. मला म्हणजे, पोरीला. पोरीनं मला.

मॅडमना मराठी येत नव्हती असं समजू नका. मी त्यांना भाजी मंडईत मेथीच्या जुडीवरून घासाघीस करताना ऐकलंय. फोनवर “आई, कुकर लाव, मी आलेच” असं म्हणतानाही ऐकलंय. पण शाळेच्या आवारात फक्त इंग्रजी, असा नियम होता. नियम पोरांसाठी. तरी त्याच दिवशी, माझ्या आधी, एका कारखानदाराच्या बायकोशी मॅडम दहा मिनिटं मराठीत हसतखेळत बोलल्या. नियम कुठं लावायचा आणि कुठं नाही, हे त्यांना बरोबर कळत होतं.

आम्ही लॉटरीतले. खाजगी शाळेत गरिबांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवतात, त्यांची सोडत निघते. सृष्टीचं नाव निघालं तेव्हा मी दुधनीला, माहेरी फोन केला आणि रडले. आमच्या घरात कानडी. मी शिकले मराठी शाळेत, सातवीपर्यंत. पुढं लग्न, मग सोलापूर, भवानी पेठ, भाड्याची एक खोली. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मी गणवेशांच्या शर्टांना काजं पाडते, बटणं लावते. पोरगी इंग्रजी शाळेत जाते हे मी कारखान्यात इतक्या वेळा सांगितलं असेल की बायका वैतागल्या.

त्या शाळेत पालकांचे दोन ग्रुप होते. एक सगळ्यांचा आणि एक आमचा, लॉटरीतल्यांचा. आमच्या ग्रुपवर आम्हाला लिहायची परवानगी नव्हती. मेसेज आला की खाली अंगठा दाबायचा, बस. शिवाय मॅडम माझ्या एकटीच्या नंबरवरही लिहायच्या, लांबलचक, इंग्रजीत. मोबाइल वाजला की सृष्टी माझ्या हातातून तो ओढून घ्यायची. वाचायची. मग म्हणायची, “काय न्हाय अव्वा. अंगठा दाब. सगळे दाबतात.”

मी दाबायचे. मला बरं वाटायचं. माझी पोर इंग्रजी वाचून मला सांगते, याचाच मला कौतुकभरला माज होता.

पालकसभेतही तसंच. मॅडम सृष्टीकडं बघून पाच-पाच मिनिटं बोलायच्या. आवाज चढलेला नसायचा. उलट गोड. सृष्टी ऐकायची, मान खाली घालून, आणि मला एका वाक्यात सांगायची, “चांगलं चाललंय म्हनत्यात. सराव करा म्हनत्यात.” मग रजिस्टर पुढं यायचं. मी सही करायचे, मराठीत, वळणदार. एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसं कसं होतं, हे मला कळायला हवं होतं. मी मूर्ख नाही. पण कळून घ्यायची माझी हिंमत नव्हती, हे आज कबूल करते.

खुणा होत्या. पोरगी कॉलर चावायला लागली. शर्टाच्या कॉलरचं टोक ओलं होऊन, कुरतडून, दोरे सुटायला लागले. मी दिवसभर शर्टच बघते, मला ते पहिल्या दिवशीच दिसलं. मी काय केलं? कॉलर उलटी करून शिवली. डबा अर्धा परत यायला लागला. रविवारी दुपारपासून तिचं पोट दुखायचं आणि सोमवारी शाळेच्या रिक्षात बसताना ती माझ्या हाताची करंगळी सोडत नसे. मी तिला म्हणायचे, “लई लाडावलीस की तू.”

त्या सभेनंतर आठवड्याभरात शाळेच्या ऑफिसातून फोन आला. क्लार्क होता. तो मराठीत बोलायचा, त्याला नियम नव्हता.

“सृष्टीचा शाळा सोडल्याचा दाखला तयार करायचाय. अर्ज टाईप करून ठेवलाय. उद्या अकराला सही करायला या.”

मी म्हटलं, “कुनी सोडली शाळा?”

“तुमीच होकार दिलाय की.”

हातातलं कापड मशीनखालीच राहिलं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं. आपण न बोललेली गोष्ट आपल्या नावावर कुणीतरी बोलून ठेवलीय, ही भीती कशी सांगायची?

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत मुख्याध्यापिका, मॅडम आणि फाईल घेतलेला क्लार्क असे तिघं होते. आणि वर्गातून बोलावून आणलेली सृष्टी. तिच्यासाठीच थांबले होते. ती आल्याशिवाय कोणी माझ्याशी बोलायला तयार नव्हतं.

क्लार्कनं फाईल उघडून माझ्यापुढं धरली. माझ्या मोबाइलवर आलेले मेसेज छापून लावले होते, प्रत्येकाखाली माझा अंगठा. मग पालकसभेच्या रजिस्टरच्या प्रती. मला ते वाचता येईना. मी क्लार्कला म्हटलं, “काय लिवलंय ते वाचा.” त्यानं मुख्याध्यापिकांकडं पाहिलं. त्या फोनमध्ये बघत होत्या. तो हळू आवाजात, मराठी करून वाचायला लागला.

“मुलगी वर्गात मागे पडत आहे. घरी अभ्यास घेणारे कोणी नाही. आई निरक्षर. आईचे सहकार्य नाही. मातृभाषेच्या शाळेत घालावे असे सुचवले. पालक सहमत.”

पुढचं पान. पुन्हा तेच. पालक सहमत. पुढचं पान. पालक सहमत. आई निरक्षर, आणि त्याच्या खाली माझी सही.

मी सृष्टीकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत होती आणि कॉलर तिच्या दातांत होती. तेव्हा मला सगळं एकदम उमगलं. हे सगळं तिला माहीत होतं. वर्षभर. तू मागे पडलीस, तू इथली नाहीस, तुझी आई अडाणी आहे, तुला काढायचं आहे, हे सगळं आधी तिच्या कानात ओतलं जात होतं आणि मग तिलाच सांगितलं जात होतं की जा, आता आईला सांग. नऊ वर्षांच्या पोरीला. तिनं ते सांगितलं नाही. गिळलं. मला राग यायला हवा होता तिचा, खोटं बोलली म्हणून. आला नाही. माझा मलाच आला. आणि त्या गोड आवाजाचा आला.

मुख्याध्यापिकांनी फोन ठेवला. सृष्टीला जवळ बोलावलं. इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, त्यातला ‘मदर’ मला कळला. आणि ‘साइन’. त्या पुन्हा म्हणाल्या, तितक्याच शांतपणे. सृष्टी माझ्याजवळ आली, माझा पदर धरला आणि म्हणाली, “नडी अव्वा, मनिगे होगूण.”

चल आई, घरी जाऊ. एवढंच.

मी क्लार्कला विचारलं, “म्या सही न्हाय केली तर?”

“तर दाखला निघत न्हाय. पालकाचा अर्ज लागतोच की त्याला,” तो सवयीनं बोलून गेला. मुख्याध्यापिकांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं फाईल मिटून छातीशी धरली.

म्हणजे माझ्या सहीवाचून यांचं अडत होतं. निरक्षर बाईच्या सहीवाचून. म्हणून एवढे मेसेज, म्हणून एवढी रजिस्टरं, म्हणून ही खोली.

मी सृष्टीचा हात पदरातून सोडवला. “तू भायेर जा. बाकावर बस.”

“मग मॅडमचं तुला कोन सांगनार?” तिनं विचारलं.

“त्याच सांगतील.”

ती गेली. मी दार लावून घेतलं आणि मुख्याध्यापिकांना म्हटलं, “आता बोला. मला सांगा. मराठीत.”

मॅडम रजिस्टरच्या कडा सारख्या करत राहिल्या. मग मुख्याध्यापिका बोलल्या, स्वच्छ मराठीत, माझ्यापेक्षा शुद्ध. “हे बघा, तुमच्या मुलीच्या भल्यासाठीच आम्ही हे करतोय.”

“आलं की मराठी,” मी म्हटलं.

त्यांचा चेहरा बदलला नाही. मी पुढं विचारलं, “तिला नेमकं काय येत न्हाय?”

मुख्याध्यापिकांनी मॅडमकडं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “गणित. भागाकार अजिबात नाही. पाढे कच्चे आहेत, त्यामुळं पुढचं सगळं अडलंय.”

भागाकार. वर्षभर फाईल भरत होती ती भागाकारासाठी. मला भागाकार येतो. एका वाक्यात मला कोणी सांगितलं असतं तर मी रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसले असते. या तीन माणसांना ते माहीत होतं, पोरीला माहीत होतं, ज्या कागदांवर मी सह्या केल्या त्यांच्यातही कुठंतरी असेल. फक्त मला माहीत नव्हतं. आणि हे चुकून झालेलं नव्हतं.

मी म्हटलं, “सही न्हाय करनार. अर्ज फाडा न्हायतर ठेवा. आजपासून माझ्या पोरीचं काय बी सांगायचं असेल तर मला सांगायचं. मराठीत. कागदावर, खाली तुमची सही. तिच्या तोंडानं न्हाय.”

“तुमच्यासाठी वेगळे नियम करायचे का?” मॅडम म्हणाल्या.

“वेगळे केलेतच की. वेगळा ग्रुप केलाय.”

मुख्याध्यापिका उठल्या. दारापर्यंत माझ्याबरोबर आल्या, पाहुण्यांना पोचवायला यावं तशा. दाराशी थांबून हळू म्हणाल्या, “ठीक आहे. पण मुलगी दिवसाचे सहा तास आमच्याकडं असते. तेवढं लक्षात ठेवा.”

आवाज तोच. गोड. त्या वाक्याचं मला काय करायचं ते आजही कळत नाही. कुणाला सांगितलं तर म्हणतील, बरोबरच बोलल्या की, काळजीनं बोलल्या. मला ते रोज ऐकू येतं, पोर रिक्षात बसली की.

त्याच दुपारी मला ग्रुपमधून काढलं. मी वहीचं पान फाडून मराठीत अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिला. लिहिलं की माझी कशालाही संमती नाही, मागच्या सह्या मला न समजावता घेतल्या आहेत, आणि फाईलच्या प्रती द्या. क्लार्क म्हणाला, ठेवून जा. मी म्हटलं, पोच द्या. तो म्हणाला, शिक्का नाही. मी तीन दिवस कामावर उशिरा गेले आणि तीन दिवस त्या खिडकीसमोर उभी राहिले. तिसऱ्या दिवशी शिक्का सापडला. प्रती अजून मिळालेल्या नाहीत.

घरी मी कारखान्यातून बाद झालेली बटणं आणली. एका शर्टाला सात, मग एवढ्या बटणांत शर्ट किती, उरली किती. पंधरा दिवसांत पोरीला भागाकार जमायला लागला. पहिल्यांदा बरोबर आला तेव्हा ती हसली नाही. म्हणाली, “मॅडमला दाखवू नगं.”

तिची जागा बदलली आहे. आता शेवटच्या बाकावर, एकटी. स्नेहसंमेलनाच्या नाचात होती, त्यातून काढलं. कारण विचारलं तर उंची जुळत नाही म्हणाले. तिच्याशी कोणी फार बोलत नाही, असं ती सांगते, आणि हल्ली सांगते तेही विचारल्यावर. कॉलर अजून चावते. मी हे सगळं शिक्क्याच्या अर्जानंतर झालेलं सांगतेय. मी लढले आणि सगळं ठीक झालं, असं काही झालेलं नाही.

परवा वेणी घालताना तिनं विचारलं, “तू रोज भांडनार का अव्वा?”

“लागलं तर भांडनार.”

“मग मी तितं कसं बसू?”

तिचा प्रश्न खरा होता. भांडायला मी जाते, सहा तास बसते ती. दुसऱ्या शाळेत घालते, असे शब्द माझ्या ओठांवर आले होते. त्यांना हेच हवं आहे, हे आठवलं आणि मी ते शब्द गिळले. मी तिला म्हटलं, “भ्या वाटलं तरी बसायचं. त्या वर्गातली जागा तुझी हाय. कुनी दिल्याली न्हाय, तुझ्या नावानं निघालीय.” मी वेणी घट्ट बांधली.

आठवीपर्यंत ती जागा तिची आहे. अजून चार वर्षं. या चार वर्षांत माझ्या पोरीबद्दल शाळेला जे सांगायचं असेल, वाईटातलं वाईट असलं तरी, ते मला सांगावं लागेल. माझ्या तोंडावर, मला कळेल अशा भाषेत. त्यांनी कितीही वेळ बाहेर उभं केलं तरी मी थांबेन. आणि ते बोलत असतील तेव्हा माझी पोर त्या खोलीत नसेल.