गोधडीची जागा

आम्ही दोघांनी केलेलं शेवटचं काम म्हणजे जुन्या जीपच्या ब्रेकमधली हवा काढणं. बेलवलीच्या घरासमोर मी पाना घेऊन गाडीखाली, बायको वर ड्रायव्हरच्या सीटवर. पाय पुरत नाहीत म्हणून पाठीला गोधडीची घडी. मी "दाब" म्हटलं की पेडल दाबून ओरडायची, "दाबलाय हो, बहिरे झालात का?" एक चाक उरलं, ते उद्यावर टाकलं. पहाटे ती झोपेतच गेली.

गाडी तशीच सडत राहिली. शेवटी गल्लीतून रोज जाणाऱ्या भंगारवाल्याला हाक मारली. गंजक्या पत्र्यालाही हात लावायच्या आधी तो हात पँटला पुसतो.

"घेऊन जा," मी म्हटलं. "एकाच चाकाचं काम राहिलंय, पण पेडल दाबायला माणूस नाही."

"मग मी काय दगड आहे का, काका?"

"बस मग वर."

त्याने गोधडी बघितली. "कोणाची?"

"बायकोची. गेली ती."

तो बसला नाही. बाहेरूनच वाकला आणि दोन्ही हातांनी पेडल दाबलं. "काकूंची जागा आहे. माझं हातानं भागतंय."

मी खालून "दाब" म्हटलं. वरून आवाज आला, "दाबलाय, काका!" मी तिथंच पडून रडलो.

चहा पिऊन तो रिकामी हातगाडी ढकलत निघाला. "भंगार असेल तेव्हा बोलवा."

त्याचे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोधडी शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी मांजर्लीकडे काढली. उतारावर ब्रेक लावला. गाडी जागेवर थांबली.

"दाबलाय गं," मी म्हटलं.